नाल्याचा अंदाज

आमचं गाव नाल्याच्या अलीकडे आणि वावर पलीकडे. मधे पूल नाही, नुसता बुटका रपटा आहे, पूर आला की पाण्याखाली जाणारा. त्यामुळे पावसाळ्यात पलीकडे तण निंदायला गेलेल्या बायांनी परत कधी निघायचं, हे माझे सासरे ठरवत. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. वरच्या टेकडीवर आभाळ भरलं की ते काठावर येऊन उभे राहत आणि हाती घेतलेली पात पुरी करून यायचं की तशीच टाकून यायचं ते सांगत. पात म्हणजे एकेका बाईच्या वाट्याचा कपाशीतला पट्टा. अर्धी पात टाकून येणारीला बाया दुसऱ्या दिवशी टोमणे मारून बेजार करतात.

मामाजींचा अंदाज हवेतला नव्हता. आमच्या नाल्याला तीन ओहोळ मिळतात. टेकडीवरचा गवतातून रमतगमत यायचा, मधला त्याच्यामागून, आणि सपाट शेतांतून वळणं घेत येणारा लांबचा ओहोळ पोचेपर्यंत पहिल्याचं पाणी ओसरलेलं असायचं. नाला हळूहळू चढायचा. मृगात तर भेगाळलेली काळी माती सगळं पिऊन टाकते, तेव्हा तो साधा ओलाही व्हायचा नाही. श्रावणात तीच माती तुडुंब होते आणि पडेल ते सोडून देते, म्हणून त्या दिवसांत मामाजी जरा लवकर हाक मारत.

मग टेकडीवरचं गवत गेलं. अर्ध्या उतारावर सोयाबीन आलं, उरलेल्यातला मुरूम प्लॉटच्या भरावाला गेला. लांबच्या ओहोळाचं पाणी शेतात साचतं म्हणून गावानंच मागणी केली आणि मशीननं तो सरळ, खोल करून घेतला. नारळ फुटला, फोटो निघाले. पाणी आता पटकन निघून जाईल, असं जो तो आनंदानं म्हणत होता. पटकन निघून कुठं जाईल, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मला अजून राग येतो, पण काढायचा कुणावर?

मागच्या वर्षी श्रावण सरत आला होता. आमच्याकडे लख्ख ऊन, टेकडीवर काळंकुट्ट. माझी धाकटी जाऊ बाया घेऊन पलीकडे होती. बोलावून घेऊ का, असं मी मामाजींना विचारलं.

"पात पुरी करू दे त्यायले," ते म्हणाले. "अजून टाइम हाय."

मी हाक मारली नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा शब्द खोटा पडलेला मी पाहिला नव्हता. थोड्याच वेळात पाणी आलं आणि तिन्हीकडचं एकदमच आलं. बाया धावत सुटल्या. वावराची मालकीण म्हणून जावेनं सगळ्यांना पुढं काढलं आणि स्वतः मागं राहिली. रपट्याच्या मध्यावर तिचे पाय सुटले. खालच्या वळणावर बेशरमची झुडपं आहेत, त्यांत ती अडकली. फवारणी करणारी माणसं पंप टाकून धावली आणि बैलांचा दोर फेकून त्यांनी तिला ओढून काढलं. खांदा निखळला होता. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, तिथं तो बसवला, पण हात अजून डोक्याच्या वर जात नाही.

तिनं मामाजींना एका शब्दानं बोल लावला नाही. मी लावला, मनातल्या मनात, कितीतरी दिवस. मामाजींनी तर ती गोष्टच काढली नाही. घरात नाला हा शब्द कुणी उच्चारेना.

यंदा पुन्हा निंदण लागलं. एका सकाळी बाया काठावर जमल्या, टेकडीवर एक लहानसा ढग होता. मामाजी नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले, पण कुणी त्यांच्याकडे बघेना. ते पाहून मला त्यांची फार दया आली. जावेलाही आली असावी. रपट्यावर एक पाय ठेवून तिनं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मामाजी, जाऊ काय आम्ही?"

त्यांनी टेकडीकडे पाहिलं.

"मले इचारू नको, पोरी," ते म्हणाले. "मले नाई समजत आता."

आणि ते घराकडे वळले. जावेनं रपट्यावरचा पाय मागं घेतला. बाया एकेक करून परतल्या. तो ढग न बरसताच निघून गेला. दिवसभर कडक ऊन होतं, आणि पलीकडे आमच्या कपाशीत गवत वाढत होतं.