म्हणजेच सरांचा पुढचा शब्द

तंत्रनिकेतनातल्या मुलांनी ठेवलेलं ‘म्हणजेच सर’ हे नाव सरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ते माहितीचा सिद्धांत शिकवायचे. एक वाक्य बोलून झालं की ‘म्हणजेच’ म्हणून तेच वाक्य पुन्हा जरा फिरवून सांगायचे. त्याला कारण होतं. वर्गाच्या भिंतीला लागूनच कार्यशाळा होती. पलीकडे लेथ मशीन सुरू झालं की मागच्या बाकांपर्यंत निम्मे शब्द पोचायचेच नाहीत. पहिल्यांदा हुकलेलं दुसऱ्यांदा तरी कानावर पडावं म्हणून सरांनी ही सवय लावून घेतली. पुढे ती अंगातच मुरली. घरी, दुकानात, फोनवर, सगळीकडे म्हणजेच.

दरवर्षी पहिल्या तासाला सर खिशातून नाणं काढून उडवायचे. ‘‘छापा की काटा? पडेपर्यंत कोणालाच माहीत नाही. पडलं की एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, हो किंवा नाही. एवढ्या माहितीला म्हणायचं एक बिट. म्हणजेच माहितीचं सगळ्यात लहान माप.’’ नाणं खिशात जायचं. ‘‘आता मी सांगितलं, उद्या सूर्य उगवणार आहे, तर तुम्हाला काय मिळालं?’’

‘‘काही नाही,’’ वर्ग म्हणायचा.

‘‘बरोबर. ऐकणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे त्यात माहिती शून्य. माहिती मोजायची ती आश्चर्यावर.’’ इथे सर चष्मा पुसायचे. ‘‘म्हणूनच माझी बायको माझं ऐकत नाही!’’

मुलं हसायची. सुरुवातीची काही वर्षं खरंच हसू यायचं म्हणून, नंतर सर थांबून राहायचे म्हणून.

त्या वर्षी वर्गात एक फार हुशार मुलगी होती. विषय तिला इतका भिनला होता की मधल्या सुट्टीतही ती मैत्रिणींचे मेसेज मोजत बसायची, कोणाच्या बोलण्यात किती दम आहे ते. एकदा ती सरांच्या खोलीत आली.

‘‘सर, प्रोजेक्टसाठी तुमचे तास रेकॉर्ड केले तर चालेल?’’

‘‘माझे? अगं चालेल की! म्हणजेच, काहीच हरकत नाही.’’

त्या दिवसापासून सर इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. विभागप्रमुख मॅडमना त्यांनी दोनदा सांगितलं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला आपलं शिकवणं जपून ठेवावंसं वाटलं.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला सर बायकोला घेऊन आले. एरवी ती कॉलेजात कधी यायची नाही; तासाची तयारी मात्र सर घरी तिच्यासमोर मोठ्याने करायचे. दोघं पहिल्या रांगेत बसली. मुलगी स्टेजवर चढली आणि मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘बोलण्यातला फापटपसारा कसा मोजावा?’ खाली सरांचा फोटो.

‘‘मी सरांचं रेकॉर्डिंग मध्येच थांबवायचे आणि वर्गाला पुढचा शब्द ओळखायला लावायचे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘दहातले आठ शब्द मुलांनी बरोबर ओळखले. जे ओळखता येतं ते सांगायची गरज नसते. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात सरांकडे सांगण्यासारखं जेमतेम नऊ मिनिटांचं आहे. म्हणजेच...’’

ती नुसती थांबली आणि सभागृह हसून कोसळलं. सरही हसले. हसण्यावाचून करणार काय? मुलीच्या मनात त्यांच्याविषयी राग नव्हता. सरांनी शिकवलेलं तिने सरांवर लावून पाहिलं होतं, इतकंच.

‘‘आता आपणही खेळू या,’’ ती म्हणाली आणि रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर सर बोलायला लागले: ‘माहिती मोजायची ती...’ बटण दाबलं गेलं. ‘‘पुढे काय? सांगा कोणीतरी.’’

‘‘आश्चर्यावर,’’ पहिल्या रांगेतून आवाज आला. सरांची बायको.

टाळ्या पडल्या. मुलगी आणखी एक तुकडा लावायची, बायको पुढचं सांगून मोकळी व्हायची. दुसरा, तिसरा, चौथा. वर्गाला दहातले आठ जमले होते, तिचा एकही चुकेना. गाल लाल झाले, पदर कमरेला खोचला, आणि शेवटच्या तुकड्याला ती चक्क उठून उभी राहिली.

‘‘म्हणूनच माझी बायको माझं ऐकत नाही!’’ ती म्हणाली.

मागची पोरं बाक बडवायला लागली. मॅडम डोळे पुसत होत्या. बायकोला इतकं हसताना सरांनी कधी पाहिलं नव्हतं. नंतर निकालपत्रावर मार्गदर्शक म्हणून त्यांचीच सही लागायची होती. त्यांनी आकडेमोड तपासली. चूक सापडली नाही. पूर्ण गुण दिले.

घरी आल्यावर ते बूट काढत म्हणाले, ‘‘तुला एवढं...’’

‘‘...उठून उभं राहायची काय गरज होती,’’ बायकोने वाक्य पुरं केलं. ‘‘आता म्हणाल, चारचौघांत.’’

सरांनी दुसरा बूट काढला आणि तोंड फिरवलं.

‘‘आणि आता दोन दिवस अबोला.’’

त्यांना अबोलाही धरता येईना.

ती समोर स्टुलावर बसली. ‘‘अहो, आता माझी पाळी. मी पुढे काय म्हणणार आहे, ओळखा.’’

‘‘चहा ठेवते म्हणशील.’’

‘‘चूक.’’

‘‘पाय दुखतायत?’’

‘‘चूक.’’

‘‘बहिणीकडे जायचंय? पडदे धुवायचेत? माझा रक्तदाब?’’ सर एकेक सांगत गेले आणि ती मान हलवत गेली. शेवटी त्यांच्याकडे सांगायला काही उरलं नाही.

‘‘डाव्या कानाने मला ऐकू येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘झाली तीनेक वर्षं. उजवाही चाललाय. तुमचं बोलणं निम्मं मला पोचतच नाही.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘अडलंच नाही कधी. तुमचे ओठ हलले की मला कळतं काय असेल ते. आज सभागृहात तरी कुठे नीट ऐकू येत होतं?’’

सरांनी कपाळाला हात लावला. ‘‘अगं, पण मी सगळं दोनदा सांगतो ते ह्याच्यासाठीच तर...’’

‘‘मुलांसाठी,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यासाठी नाही.’’ आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

नव्या वर्षी मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. मुलीने रेकॉर्डिंगमधले सगळे म्हणजेच, सगळ्या पुनरुक्त्या, सगळे विनोद कापून प्रत्येक तासाची छोटी चित्रफीत केली होती. तीच मुलांनी वर्गात आपापल्या फोनवर बघायची असं ठरलं होतं.

‘‘मॅडम, पुनरुक्ती हा फापटपसारा नाही,’’ सर म्हणाले. ‘‘गोंगाटात तीच संदेश वाचवते. म्हणजेच, लेथ सुरू असताना एकदाच सांगितलेलं मागे पोचणार नाही.’’

‘‘सर, मुलं इयरफोन लावतात,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तुम्ही परीक्षेची पर्यवेक्षणं बघा.’’

सरांना वाटलं होतं, निकाल आपटेल आणि लोक आपल्याला बोलवायला येतील. पहिल्या सत्राचा निकाल थोडा वाढलाच. मागच्या बाकांवरचे दोघे पहिल्या दहांत आले.

वर्षभर सर परीक्षेच्या खोल्यांमधून फिरत. बोलायचं काही नसे, सूचना फळ्यावर लिहिलेल्या असत. दरम्यान त्यांनी बायकोला कानाचं चांगल्यातलं यंत्र घेऊन दिलं. ती ते लावून बाजारात जाई, बहिणीशी तासन्‌तास फोनवर बोले, बातम्या ऐके. संध्याकाळी दाराशी सरांची चाहूल लागली की यंत्र काढून डबीत ठेवी. सरांनी एकदा कारण विचारलं. ‘‘कान दमतो हो,’’ ती म्हणाली.

वर्षअखेरीच्या परीक्षा संपल्या आणि मॅडमनी सरांना पुन्हा बोलावलं. त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती पोळ्या लाटत होती आणि डबी खिडकीत होती. सर ओट्याशी उभे राहिले.

‘‘पुढच्या महिन्यापासून कॉलेजात येऊ नका म्हणाल्या मॅडम,’’ ते म्हणाले.

तिने मान डोलावली. ‘‘हो ना, उकडतंयच फार,’’ ती म्हणाली. ‘‘हात धुऊन घ्या, वाढते.’’

सर हात धुऊन पानावर बसले.