ताईच्या जागी

ताई गेली तेव्हा माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती आणि कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. ऑफिसातून परतताना तिच्या स्कूटीला टेम्पोनं धडक दिली. बाबा आणि मामा जाऊन तिला यवतमाळला घेऊन आले. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. घर माणसांनी भरलं होतं, जो तो मला 'जेवून घे' म्हणायचा आणि मी जेवायचे, एवढं आठवतं. आपल्याला भूक कशी लागते, याचंच मला नवल वाटायचं.

महिन्याभरानं तिचं सामान आणायला मी आणि बाबा पुण्याला गेलो. इमारतीपाशी पोचलो तसे बाबा पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसले. "तू जा वर. मी बसतो इथं," म्हणाले. रिकामी बॅग घेऊन मी एकटीच वर गेले.

दार उघडलं ती सांगलीची. ताईच्याच कंपनीत होती. उंच, कमी बोलणारी. दुसरी लातूरची, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. दोघींनी ताईच्या कॉटला हात लावला नव्हता. फक्त उशाशी घडी केलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता.

"त्या दिवशी सकाळी तिनं बादलीत भिजत घातले होते," लातूरची म्हणाली. "आल्यावर धुणार होती. मग आम्हीच धुतले."

मला एकदम राग आला. का धुतले, असं विचारावंसं वाटलं. त्याच वेळी असंही वाटलं, की माझ्या बहिणीचे कपडे या परक्या मुलींनी किती निगुतीनं इस्त्री करून ठेवलेत. यातलं खरं काय वाटतंय तेच मला कळेना. मी गठ्ठा उचलून बॅगेत ठेवला, परत बाहेर काढला. मग त्या दोघी ताईबद्दल बोलायला लागल्या. ती रविवारी सगळ्यांसाठी थालीपीठं लावायची, म्हणे. आमच्या घरी ताईनं कधी गॅससुद्धा पेटवला नव्हता. ती म्हणे मोठ्यानं गायची. ती म्हणे कुणाला घाबरायची नाही. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

खाली येऊन मी बाबांना म्हटलं, "मी इथंच राहते."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"काहून?" बाबांनी विचारलं.

मी रिकामी बॅग त्यांच्यापुढे ठेवली. "आईले काय सांगू मी?" एवढंच ते म्हणाले. मग स्वतःच जिना चढून वर गेले, त्या दोघींना विचारलं, चालेल का. लातूरची लगेच हो म्हणाली. सांगलीची जरा थांबून म्हणाली.

तळमजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. त्यांनी मला दारातच अडवलं. "आपला मुक्काम किती दिवस?"

"माहीत नाही."

"बरं. माहीत झालं की कळवा. आणि जिन्यात चपला काढायच्या नाहीत." दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर मेतकूट वर पाठवलं. वाटी घासून परत द्यावी, असा निरोपही होता.

जवळच्याच एका कॉलेजात मी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. तेव्हा जो तो कॉम्प्युटरच करत होता. मला त्यात रस होता की ताईनं केलं म्हणून मी करत होते, कोण जाणे. मी ताईच्या कॉटवर झोपायचे, तिच्या मगातून चहा प्यायचे. लातूरचीनं मला बस कुठली पकडायची, रस्ता कसा ओलांडायचा, हे सगळं शिकवलं. एकदा आम्ही दोघी मंडईत गेलो होतो. गर्दीत आमची चुकामूक झाली. मी वांग्यांच्या ढिगाशी उभी होते आणि लांबून तिनं मोठ्यानं हाक मारली. ताईच्या नावानं.

मी "ओ" दिली.

ती जवळ आली, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिथंच भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ती रडायला लागली. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं, आणि बरं का वाटलं याची भीतीही वाटत होती.

सांगलीची मात्र माझ्यापासून अंतर राखूनच असायची. एका सकाळी मी ताईचा निळा कुडता घालून कॉलेजला निघाले, तशी ती दारात आडवी आली. "काढ तो."

"माझ्या बहिणीचा आहे."

"माहितीय मला. घेताना मी होते बरोबर."

मी चपला घालायला लागले. ती म्हणाली, "रोज तू दार उघडून आत येतेस आणि मला क्षणभर वाटतं, ती आली. मग तू दिसतेस. रोज."

"मग मी जाऊ का इथून?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी कुडता बदलला नाही आणि कॉलेजलाही गेले नाही. तिच्या शेजारी बसले. ती ऑफिसला गेली नाही. दुपारी तिनं खिचडी केली आणि आम्ही एकाच ताटात जेवलो. ती आमची मैत्री झाली, असं आता म्हणता येईल. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

दिवाळीत यवतमाळला गेले. आई स्वयंपाकघरात होती. तिनं हाक मारली, मी म्हटलं, "आलेच हं." तिचा हात थांबला. "तू पण तिच्यासारखीच बोलून राहिली," ती म्हणाली. मग विचारलं, कधी जाणार. माझ्या तोंडून निघालं, "परवा घरी जाईन."

"तिकडच्याले घर म्हणते तू?"

निघताना तिनं चिवड्याचे वेगवेगळे पुडे बांधले, आम्हा तिघींचे. ताई असतानाही ती असेच बांधायची.

चार-पाच वर्षांनी सांगलीचीचं लग्न ठरलं. नवरा अमेरिकेत होता, तीही जाणार होती. तोवर मला नोकरी लागली होती. लग्नात तिनं माझ्या हातात करा दिला आणि मला करवली म्हणून मागे उभं केलं. तिच्या एका आत्यानं विचारलं, "हिला तर बहीण नाही. ही कोण?"

"आमचीच आहे की," तिची आई म्हणाली.

मंगलाष्टकं सुरू झाली. ही जागा माझी होती की ताईची राहिलेली, हे सांगलीचीला विचारावं असं मला फार वाटत होतं. मी विचारलं नाही. तिनं मागे न बघता हात मागे केला, आणि मी तो धरला.