गोडादऱ्यात पाहिलेली पुठ्ठ्याची वरात

दीपाली दहावी पास झाली आणि "आता शाळा पुरे" असं मावशीनं फोनवर सांगितलं, त्याच संध्याकाळी मी सुरतला जायचं ठरवलं. घरातली पहिली पदवीधर मी. मी समोर बसून समजावलं तर मावशी ऐकेल आणि मुलीला अकरावीला घालेल, असं मला खरंच वाटत होतं.

नंदुरबारहून सकाळची गाडी बरी. जनरलचं तिकीट स्वस्त, पण जागा मिळेलच असं नाही. मावशी राहते त्या गोडादऱ्याला जायचं तर सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळतात. खमण घ्यायचं तर गरम असतानाच खा. पुढे रस्ताभर उघडी गटारं आणि कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. तो कानांपेक्षा पायांना जास्त जाणवतो.

"उनी का वं पोरी? बठ, पहिले जेव," मावशी म्हणाली. शेवभाजी, कळण्याची भाकरी. मावसा भरदुपारी घरीच झोपलेला. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. त्याचं खातं निम्मे दिवस बंद असतं.

जेवण झाल्यावर दीपालीनं पलंगाखालून खोका ओढला. आत अख्खी वरात! सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या कोनांची माणसं, साडीच्या कातरणाचे फेटे, बटणांचे ढोल, तुटक्या कंगव्याचा घोडा. नाचता नाचता एका बाईची चप्पल हरवलेली. ती टिकलीएवढी चप्पल घोड्याच्या पायाखाली. नवरदेवाच्या कपाळावर घाम म्हणून चमकते खडे.

"नवरदेव घाबरलाय का गं?"

"ताई, घोडा बघ ना. तो जास्त घाबरलाय."

मी पोट धरून हसले.

तेवढ्यात साड्यांना खडे चिकटवायचं काम घरोघर देणाऱ्या रमीलाबेन आल्या. गठ्ठा टाकून वरातीवर वाकल्या. नवरदेवाच्या कपाळावरचा एक खडा त्यांनी नखानं खरवडला. निघाला नाही.

"अरे वाह! छोकरी का हाथ तो सेट है. बहेन, इसको बैठा दो, डबल माल देती हूँ."

मावशीचा चेहरा उजळला. "हिना हात बसेल शे," ती मला अभिमानानं म्हणाली.

आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही. आणि हात बसला म्हणजे शिकून झालं.

मी बोलतच राहिले. कॉलेज, शिष्यवृत्ती, पुढची नोकरी. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुले लागनी का नोकरी?"

टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. दीपालीही माझ्याकडे बघत होती.

"अजून नाही," मी म्हणाले.

सकाळी साडी ताणून खडे लावायची चौकट मांडायला जागा हवी म्हणून वरातीचा खोका माळ्यावर गेला. घरी आल्यावर सुरतेत काय पाहण्यासारखं आहे असं मैत्रिणी विचारतात, तेव्हा मला तो कंगव्याचा घोडाच सांगावासा वाटतो.

परवा दीपालीला फोन केला. तिनं स्पीकरवर ठेवला, हात कामात होते.

"नवीन काय बनवलंस?"

"साड्या," ती म्हणाली.