एक्केचाळीस हॉर्सपॉवरचा फरक

आमच्या गाडीवेड्यांच्या मंडळात तिला सगळे मोजणीबाई म्हणतात. हे नाव तिच्या धाकट्या दिरानं चिडून ठेवलं होतं. तिला मात्र ते इतकं आवडलं की मोजणीच्या खोलीच्या दारावर तिनं ते ठळक अक्षरांत रंगवून घेतलं.

दिराचं गॅरेज फक्त स्पोर्ट्स गाड्यांचं. त्यानं हौसेनं ताकद मोजायचं यंत्र आणलं होतं. जमिनीत बसवलेले दोन जाडजूड रोलर, त्यांवर गाडीची मागची चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकं रोलर फिरवतात आणि कॉम्प्युटर हॉर्सपॉवर सांगतो. यंत्र चांगलं होतं, पण महिनाभर दीर हैराण. एकाच गाडीचे तीन वेळा तीन आकडे.

ती तेव्हा घरीच होती. औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिनं पावडरी तोलल्या होत्या. कारखाना दुसरीकडे हलला, ती हलली नाही. एका दुपारी, घरची म्हणून दिरानं दुरुस्तीला घेतलेली स्कूटर न्यायला ती गॅरेजमध्ये आली आणि काचेतून आत बघत उभी राहिली.

"भाऊजी, मघाशी दार उघडं होतं. आता बंद आहे."

"मग?"

"आणि पंखाही सरकलाय. इंजिन किती तापलंय ते कुठे लिहिलंय?"

"वहिनी, हे इंजिन आहे. औषधाची गोळी नाही."

"तरीच तीन आकडे येतायत."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली, पंख्याच्या पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि आठवड्याभरात त्याच गाडीचा तोच आकडा ओळीनं पाच वेळा काढून दाखवला. ती आली ती राहिलीच. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गाडीची ताकद किती यावर आमच्यात जुंपली की कुणीतरी म्हणतंच, "मोजणीबाईंना विचारा," आणि वाद तिथे संपतो.

एकदाच तो संपला नाही.

आम्ही सगळे एकाच गाडीचे वेडे. दोन माणसांची, बुटकी, मागे सहा सिलिंडरचं इंजिन. हे इंजिन स्वतःच्या दमावर हवा ओढायचं. खालच्या फेऱ्यांत शांत, पण काटा मिनिटाला सात हजार फेऱ्यांकडे गेला की असं काही गायचं की अंगावर काटा यावा. मग कंपनीनं नवी आवृत्ती आणली. इंजिन थोडं लहान केलं आणि त्याला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा चिमुकला पंखा; तो इंजिनात हवा कोंबतो. मंडळात उभी फूट पडली. दीर जुन्या इंजिनाचा कट्टर. "पंप लावून कुणीही फुगतं," असं तो म्हणायचा. मीही त्याच बाजूचा, कारण माझी गाडी जुनी. पलीकडच्या बाजूला पुढारी होता टाइल्सवाला. त्यानं नवी घेतली होती आणि तो ती रोज पुसायचा.

त्यात आमच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या आणि म्हणाल्या, "आता मला यातली एक घ्यायचीय. कुठली ते मला मोजणीबाई सांगतील, तुम्ही कुणी नाही."

रविवारी सकाळी पस्तीस जण जमले. दिराची जुनी गाडी, टाइल्सवाल्याची नवी. दोन्हींत एकाच पंपावरचं पेट्रोल, चाकांत सारखी हवा. प्रत्येक गाडी चार वेळा पळवली. भिंती थरथरल्या. मोजणीबाई कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मग त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जुनी तीनशे एक. नवी तीनशे बेचाळीस. फरक एक्केचाळीसचा."

टाइल्सवाल्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या सुतारानं खिडकी उघडली. दिराचं तोंड एवढंसं झालं. लोक चहा पिऊन पांगायला लागले.

मोजणीबाई आत कागद लावत होत्या. दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ होती: हवामान दुरुस्ती, साडेचार टक्के. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. पुढच्या क्षणी त्या रोलरवर बांधलेल्या नव्या गाडीत बसल्या आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आम्ही सगळे धावत परत आलो.

"मी चुकीचा आकडा सांगितला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "आपलं गाव उंचावर. इथली हवा थोडी विरळ, त्यात आज उकडतंय. म्हणून कॉम्प्युटर आकड्यात साडेचार टक्के वाढवतो. समुद्राकाठच्या थंड हवेत गाडीनं किती दिलं असतं, त्याचा तो अंदाज. जुन्या इंजिनाला हे बरोबर आहे, ते बाहेर मिळेल तेवढीच हवा ओढतं. पण टर्बो कमी पडलेली हवा स्वतःच भरून काढतो. त्याला वर आणखी टक्के देणं म्हणजे जेवलेल्याला परत ताट वाढणं. नवीचे तीनशे बेचाळीस नाहीत. तीनशे सत्तावीस."

"म्हणजे फरक सव्वीसचा!" दीर ओरडला.

टाइल्सवाला लालबुंद झाला. "वा! घरचा माणूस हरला की आकडा बदलतो होय?"

मला वाटलं, आता बाई चिडणार. त्या हसल्या.

"थांबा, अजून मी संपवलं नाही. सव्वीस हा समुद्राकाठचा फरक. आपण राहतो इथे. इथे जुनीला ते साडेचार टक्के कुणी वाढून देत नाही. आज या खोलीत तिनं खरोखर दिले दोनशे अठ्ठ्याऐंशी. नवीनं तेच तीनशे सत्तावीस. म्हणजे आपल्या रस्त्यांवर फरक एकोणचाळीसचा."

आता दीर लाल झाला. "अहो वहिनी, आधी एक्केचाळीस म्हणालात, आता एकोणचाळीस. दोनासाठी एवढा हॉर्न?"

"समुद्राकाठी सव्वीस, इथे एकोणचाळीस. एक्केचाळीस कुठेच नाही, भाऊजी. जे कुठेच नाही ते माझ्या खोलीतून बाहेर जाणार नाही."

त्यांनी दोन्ही कागद फाडले नाहीत. एक्केचाळीसवर एक रेघ मारली, शेजारी दोन्ही आकडे लिहिले, सही केली आणि कागद दारावर चिकटवले. टाइल्सवाला बराच वेळ ते वाचत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मला एकोणचाळीस चालेल." जाताना त्यानं माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. हे त्याचं मला आवडलं.

डॉक्टरीणबाईंना मात्र आकड्यांशी फार देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजणीबाईंनी त्यांना दोन्ही गाड्या घाटात चालवायला दिल्या. शेजारी स्वतः बसल्या, मागे माझ्या गाडीत मी आणि दीर. जुनीत अॅक्सिलरेटर दाबला की त्याच क्षणी उत्तर येतं, पण चढावर ताकद हवी तर सतत दुसऱ्या गिअरमध्ये यावं लागतं. नवी पायाचं म्हणणं ऐकून क्षणभर विचार करते आणि मग पाठीत हात घालून ढकलते, तिसऱ्या गिअरमध्येच अख्खा घाट चढते.

वर पोचल्यावर डॉक्टरीणबाई खांदा चोळत उतरल्या. "चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून हा खांदा गेलाय. जुनीचा आवाज ऐकून मला रडू येत होतं, खरंच. पण ती गिअर फार मागते. मी नवी घेणार."

परतताना दीर माझ्या शेजारी बसला होता. अर्ध्या वाटेत एकदम म्हणाला, "तो टर्बो उघडायला शिकायला हवं. डॉक्टरीणबाईंची गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही."

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेला. वर्गात सगळ्यांत मोठा तोच. अभ्यासाला वहिनीनं बसवलं, प्रश्न वहिनीनं विचारले, चुकल्यावर बोलणीही तिनंच घातली. तो पहिल्या पाचांत आला. आता गॅरेजमध्ये नव्या गाड्या जास्त येतात. त्या उघडताना तो कंपनीला मनसोक्त शिव्या घालतो, "हात घालायला जागा ठेवली नाही मेल्यांनी," आणि काम चोख करतो.

मोजणीबाईंनी त्या यंत्राची नियमावली लिहून काढली: टर्बोची गाडी असेल तर काय करायचं, नसेल तर काय. इतर गावांतली तीन गॅरेजं ती वापरतात. परवा एकानं फोन करून शंका काढली, म्हणाला, "बाई, कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलंय."

"मग पुस्तकात चूक आहे," त्या म्हणाल्या, आणि कुठल्या पानावर तेही सांगितलं.