खोकला न्हाय म्हणून सांगा

निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत तानीबाईचा शब्द चालायचा. बौद्ध वस्तीतल्या बायांसाठी पाण्याची वेगळी घागर ठेवायची जुनी रीत तिनं भांडून मोडली होती. तेव्हापासून सगळ्याच बाया तिला आक्का म्हणायच्या. तंबाखू चाळताना उडणारी धूळ डोळ्यांत, नाकात, पदरात भरून राहायची. घरी गेल्यावर भाकरीलासुद्धा तिची कडू चव लागायची. पण हाताला काम होतं, आणि अडीअडचणीला आक्का होती.

सत्त्याहत्तर साली बेळगावच्या एका धर्मादाय दवाखान्याचे डॉक्टर वखारीत येणार होते. त्यांच्याजवळ एक यंत्र होतं म्हणे. रबरी नळी तोंडात धरून, छाती भरून फुंकायचं, की छातीत किती दम आहे ते कळतं. ते यायच्या आधी मुकादम मारुतीरावांनी तानीबाईला बाजूला घेतलं.

"बायास्नी सांगून ठेव. खोकला हाय असं कुनी बोलायचं न्हाय. खोकणारी बाई मालक फुडच्या हंगामाला घ्यायचे न्हाईत."

तानीबाई एकेका चाळणीपाशी गेली. "खोकला न्हाय म्हणून सांगा," एवढंच बोलली. तिच्या शेजारीच चाळणारी गंगव्वा तेवढी घुटमळली.

"आक्का, रातीला ढास लागतीया मला, ती?"

"ती घरातली. हितं सांगायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाया रांगेत उभ्या राहिल्या. परक्या पुरुषांसमोर गाल फुगवायचे म्हणून पदरात तोंड घालून हसल्या, मग एकेकीनं फुंकलं. खोकला आहे का, असं विचारल्यावर सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर गेले. हंगामाला सगळ्या बाया कामावर राहिल्या, आणि आपण शहाणपण केलं असं तानीबाईला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

ब्याऐंशी साली त्याच दवाखान्यानं वखारीतल्या बायांसाठी मोफत उपचार सुरू केले. ज्यांच्या छातीत दम कमी भरेल त्यांना औषध मिळणार होतं, शिवाय त्यांना चाळणीवरून काढून बिनधुळीचं काम द्यायचं मालकांनी कबूल केलं होतं. गंगव्वा तोवर पार वाळून गेली होती. टोपली उचलली की धाप लागायची. तानीबाईच तिला हाताला धरून दवाखान्याच्या शिबिरात घेऊन गेली.

गंगव्वानं फुंकलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकलं. मदतनिसानं यंत्राच्या काट्याकडं बघितलं, भिंतीवरच्या आकड्यांच्या तक्त्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या वयाच्या बाईचा दम एवढाच भरतो. पुढच्या या."

मागं रांगेत कुणीतरी खुसखुसलं, "हलकं काम पायजे असंल." गंगव्वाची मान खाली गेली. तानीबाई मात्र सरळ दवाखान्याच्या डॉक्टर हेरेकरबाईंच्या टेबलाशी गेली.

"बाई, हिला चार पावलं चालवंना. तुमचा त्यो तक्ता कुठला?"

हेरेकरबाई हसल्या. "तुमचाच की. परदेशातले आकडे आपल्या बायकांना लागू पडत नाहीत. म्हणून आम्ही इथल्याच निरोगी बायकांचे आकडे घेतले. पाच वर्षांपूर्वी तुमच्याच वखारीत मोजले होते, आठवतं ना?"

तानीबाईला आठवलं. त्या दिवशीच्या रांगेत निरोगी होतं कोण? अर्ध्याअधिक जणी रात्री उठून बसायच्या. त्या खोकत्या छात्यांना तिनंच निरोगी ठरवलं होतं, आणि आता त्यांच्याच मापानं मोजल्यावर गंगव्वा धडधाकट निघाली होती. ती "बरं बाई" म्हणाली आणि मागं फिरली.

वाटेत गंगव्वा दर कट्ट्यावर बसत होती. "यंतर खोटं कसं बोलंल, आक्का?" ती म्हणाली. "मीच ढोंगी असंन." तानीबाईला तिच्याकडं बघवेना. तिथंच तिला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात गंगव्वा चाळणीवरच कोसळली आणि तिचं काम सुटलं. तेव्हा कुठं तानीबाई बेळगावची बस धरून, तिथल्या खासबाग भागात विचारत विचारत दवाखान्यात पोचली. हेरेकरबाईंसमोर खुर्ची होती, तरी ती उभीच राहिली.

"त्या टायमाला आम्ही खोटं बोललो. खोकला समद्यांस्नी हुता. म्या शिकवलं तसं बोलल्या त्या."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मीही शिबिरात गंगव्वाची छाती तपासून बघितली नाही. तक्ता बघितला." गंगव्वाचं औषध त्यांनी तेव्हाच सुरू केलं. "पण तक्ता बदलायचा तर सगळं पुन्हा करावं लागेल. धुळीत काम न करणाऱ्या बायकांचा दम मोजायचा. आणि वखारीतल्या बायकांना पुन्हा विचारायचं. या वेळी त्या खरं बोलतील?"

"बोलतील," तानीबाई म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की त्यांना सांगायचं तिलाच होतं.

बेळगावजवळच्या कडोली गावात, शेतात भाजी काढणाऱ्या बायांनी आपला दम मोजून दिला. मग यंत्र पुन्हा वखारीत आलं. मुकादम दारात उभे होते. तानीबाई बायांसमोर उभी राहिली.

"जिला खोकला हाय तिनं हाय म्हणून सांगायचं."

गुणाबाई पटकन बोलली, "मागल्या टायमाला तूच न्हाय म्हणायला लावलंस की! आता कसं?"

सगळ्यांच्या नजरा तानीबाईवर. तिला पदर डोक्यावरून पुढं ओढावासा वाटला.

"लावलं," ती म्हणाली. "मुकादमांचं ऐकून. तुमची कामं ऱ्हातील म्हणून. माझंबी ऱ्हाईल म्हणून. त्येच्यापायी गंगव्वाला औषध मिळालं न्हाय."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाया नुसत्या यंत्रापुढं रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मग निम्म्या जणींनी खरं सांगितलं. निम्म्या मुकादमांकडं बघून पुन्हा न्हायच म्हणाल्या. त्यांना बोल लावायला तानीबाईला तोंड नव्हतं. पुढच्या हंगामात तिला वखारीत घेतलं नाही. ती आठवड्याच्या बाजारात मिरच्या विकायला बसू लागली.

नवा तक्ता यायला दोन वर्षं गेली. त्यावर बऱ्याच जणींना औषध मिळालं, काहींना हलकं काम. तानीबाईचाही दम कमीच भरला. गंगव्वाची ढास थांबली, पण कामावर जाण्याइतकी ती कधी सावरली नाही.

जयंतीच्या कार्यक्रमात बौद्ध वस्तीनं तानीबाईचा सत्कार ठरवला. तक्ता बदलून आणला म्हणून. मंडपात तिचं नाव पुकारत होते आणि ती घरात चुलीपुढं बसून होती. दारात गंगव्वा येऊन टेकली, धापा टाकत.

"चल की."

"कुठल्या तोंडानं येऊ गं? तुझ्याम्होरं हार घालून घेऊ?"

गंगव्वानं दम खाल्ला. "राग हाय मला. जायाचा न्हाय त्यो. पर मला भाषण ऐकायचं हाय, आन् चालताना कुनीतरी धरायला पायजे."

तानीबाई उठली. दोघी मंडपापर्यंत पोचल्या तेव्हा सत्काराची वेळ टळून गेली होती. त्या मागच्या सतरंजीवर बसल्या. पुढं कुणीतरी तानीबाईचं नाव घेऊन चांगलं बोलत होतं, आणि ती खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत राहिली.