बाईंच्या दोरीच्या काड्या

नवसूबाबा गेल्याचं मला तेराव्या दिवशी कळलं. सकाळचा सराव आटोपून मैदानावरच्या खोलीत आवराआवर करत होते, तेवढ्यात राजूरहून वर त्यांच्या वाडीपर्यंत जीप चालवणाऱ्या माणसाचा फोन आला. भलत्याच कामाचं बोलता बोलता तो म्हणाला, "बाई, नवसूबाबा गेले की. तुमाला कोनी सांगितलं न्हाई का?" कोण सांगणार? अडीच वर्षांत मी त्या वाडीची वाट तुडवली नव्हती. एके काळी दर शनिवारी एसटीनं संगमनेरला येऊन माझ्या पोरापोरींना तीर पारखायला शिकवणारा हा माणूस, आणि त्याच्या जाण्याची खबर मला अशी मिळावी... यात दोष माझा एकटीचा आहे.

मी कॉलेजात धनुर्विद्या शिकवते. दहाएक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचं शिबिर घेऊन अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेले होते, तिथे बाबा भेटले. ठाकर समाजातला, सत्तरीला टेकलेला, काटक माणूस. आमची धनुष्यं त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि मला विचारलं, "एवढं नटबोल्ट? हे धनुष्य हाय का ट्रॅक्टर?" पोरं हसली, मीही हसले. मग त्यांनी स्वतःचा कमठा आणला. बांबूचा, आणि दोरी घायपाताच्या वाखाची, स्वतः मांडीवर वळलेली. त्यांच्या अंगणात दोन मेखा ठोकलेल्या होत्या. तिराची काडी त्या मेखांवर आडवी ठेवायची, मधोमध ओढ्यातला एक काळा गोटा सुतळीनं टांगायचा आणि काडी किती बोटं वाकते ते पाहायचं. बरोबर दोन बोटं वाकली तर ती त्यांच्या कमठ्याची. कमी वाकली तर तासायची, जास्त वाकली तर चुलीत. "ताठ काडी तासून मऊ करता येती, बाई," ते म्हणाले, "मऊ पडली ती परत ताठ व्हत न्हाई." आम्ही हेच वर्गात तक्ते लावून शिकवतो. सुटताना तीर कमरेत लचकतो, आणि ती लचक दोरीच्या ढकलण्याशी जुळली तरच तो सरळ जातो. माझ्याकडे तक्ता होता, बाबांकडे गोटा, एवढाच फरक.

त्यानंतर सात वर्षं ते येत राहिले. येताना पिशवीत काड्या असायच्या, कधी हौसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दिलेली नाचणीची भाकरी असायची. माझ्या चष्म्यावरून, माझ्या शिट्टीवरून चिडवायचे. पण मी शिकलेली बाई, म्हणून माझा शब्द मात्र फार मानायचे. नको इतका मानायचे.

अडीच वर्षांपूर्वी आमच्या मैदानावर पारंपरिक कमठ्यांची स्पर्धा भरवली होती. बाबांची वाखाची दोरी जागोजागी पिंजली होती, दमट हवेत ती ढिली पडायची. मी पुण्याहून नव्या धाग्याची दोरी आणली, मुळीच न ताणणारी. प्रेमानंच आणली, हे खरं आहे. "ही लावा, बाबा. हिच्यापुढं तुमची दोरी म्हणजे नाडा." त्यांनी बोटांनी दोरी टिचकावून पाहिली, आवाज ऐकला. "लई कडक बोलती ही," एवढंच म्हणाले. पण मी दिली म्हणून स्पर्धेच्या सकाळी त्यांनी ती चढवली.

पाच तीर मारले. पाचही लक्ष्याच्या उजवीकडे, हातभर लांब. दोनशे माणसांसमोर. बाबा कमठा खाली घेऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, दोरी जोरात ढकलतीया. काड्या मऊ पडत्यात हिला. माजी जुनी लावू का?" आणि मी... माइक हातात होता, पाहुणे बसले होते, वेळ चालला होता. मी हसत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका हो बाबा. मोतीबिंदू झालाय का बघून घ्या एकदा." माइक चालू होता. सगळं मैदान हसलं. बाबाही हसल्यासारखं करून बाजूला झाले. दोरी सोडवली, गुंडाळली, कोपरीच्या खिशात ठेवली आणि बक्षीस समारंभाला न थांबता एसटीला गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

काही महिन्यांनी मी वर्गात नेहमीचा धडा शिकवत होते. दोरी बदलली की तीर बदला, कारण न ताणणारी दोरी सगळा जोर तिरालाच देते, तोच तीर तिला मऊ पडतो आणि उजव्या हातानं मारणाऱ्याचा उजवीकडे जातो... ते पाच तीर डोळ्यांपुढे आले. हातभर उजवीकडे, पण पाचही एकमेकांना चिकटून, वीतभर जागेत! डोळे गेलेल्या माणसाचे तीर चहूकडे विखुरतात. असे एका जागी बसत नाहीत. हे ओळखण्याचा मी पगार घेते. तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेले नाही. आधी परीक्षा होत्या, मग पाऊस, मग घाटातला रस्ता खचला. खरं सांगायचं तर, कोणत्या तोंडानं जाऊ हेच कळत नव्हतं.

ते तोंड घेऊन शेवटी गेले, पण बाबा गेल्यावर. हौसाबाईंनी पाणी दिलं, एका शब्दानंही बोल लावला नाही. मीच विचारलं, बाबांच्या डोळ्यांचं काय झालं होतं? "तुमी म्हनल्या म्हनून लगीच राजूरला दाखवून आले," त्या म्हणाल्या. "डागदर म्हनला, मोतीबिंदू न्हाई, काय न्हाई." मग त्या आत गेल्या आणि आढ्याला टांगलेली बांबूची नळी घेऊन आल्या. नळीत बारा तीर होते, नेहमीपेक्षा जाड काड्यांचे. नळीभोवती माझी दोरी गुंडाळलेली. "ह्या बाईंच्या दोरीच्या काड्या, म्हनायचे. बाई आल्या का त्यांच्याम्होरं मारून दावीन. न्हाई दिल्या कोनाला. दर शनवारी अंगनात बसायचे जीपच्या वाटंकडं बघत..." समोरच्या आंब्याच्या बुंध्यावर शेणाचा एक गोल थापलेला होता, वाळून तडकलेला. त्याच्या मधोमध भोकंच भोकं होती. उजवीकडे एकही नव्हतं.

येताना हौसाबाईंनी गोटाही दिला. आता मैदानावरच्या खोलीत मी दोन मेखा ठोकल्या आहेत. पहिल्याच दिवशी बाराही काड्या एकेक करून ठेवून पाहिल्या. प्रत्येक काडी एकच बोट वाकली, ना कमी ना जास्त; माझ्या कडक दोरीला हवी तेवढीच ताठ. नळी समोरच्या भिंतीवर आहे. पोरं विचारतात, बाई, मारून बघायचे का? मी अजून एकही मारलेला नाही. चुकला तर दोष कोणाचा, हे आता मला माहीत आहे. आणि सरळ लागला, तर ते दाखवायला कोणी अंगणात बसलेलं नाही.