न चाललेले पाच किलोमीटर

गाडीला तीन वर्षं पूर्ण व्हायला महिना उरला होता तेव्हा शोरूममधून फोन आला. "मॅडम, तुमची कंपनीची वॉरंटी संपत आहे. पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका ना. टेन्शन नाही राहणार." बोलणाऱ्या मुलीचा आवाज गोड होता आणि तिला काहीच माहीत नव्हतं. मी विचार करून सांगते म्हणाले. त्या शोरूमचं नाव नुसतं कानावर पडलं तरी माझं डोकं तापायचं, हे तिला सांगून काय उपयोग होता?

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत करतो, त्याचे नियम साधे असतात. "ज्यानं आपल्याले किडका माल दिला, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढाची नाही. त्यांची वॉरंटी काहून घेतं? दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ रिपेअर, जे लागंल ते." त्याचं चूक नव्हतं. ऑफिसातल्या दोघातिघांनीही हेच सांगितलं. एक जण म्हणाला, या वॉरंट्या म्हणजे विकणाऱ्याच्या फायद्याच्या, वेळ आली की शंभर अटी काढतात.

मी मात्र ठरवू शकत नव्हते. कारण माझा आणि त्या शोरूमच्या वर्कशॉपचा हिशोब अजून बाकी होता, आणि तो पैशाचा नव्हता.

मी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. तयार झालेले सुटे भाग मोजायचे, तपासायचे, कागद भरायचे. रोज जाण्यायेण्यासाठी म्हणून ही गाडी घेतली. आमच्या घरातली पहिलीच. वडील उमरेडला राहतात. चाळीस वर्षं त्यांनी हातमागावर लुगडी विणली होती, आणि तेव्हाही सकाळचे दोन तास ते मागावर बसत, काम म्हणून नाही, बसल्याशिवाय चैन पडत नसे म्हणून. गाडी नऊ-दहा महिन्यांची असताना एकदा त्यांना नागपूरला आणत होते. मध्येच ते म्हणाले, "काही तरी घासून राहिलं वं. उजव्या अंगानं. डावीकडे वळलं की वाढते."

मला काही ऐकू येत नव्हतं. पण त्यांचा कान मला माहीत होता. मागाच्या आवाजावरून कुठला भाग ढिला झालाय ते त्यांना अंधारातही सांगता यायचं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊनच वर्कशॉपमध्ये गेले.

वर्कशॉपचा मॅनेजर चाळिशीचा होता. इस्त्रीचा शर्ट, कानात फोनचं यंत्र, बोलताना नजर कायम आपल्या मागे कुठेतरी. त्यानं ऐकून घेतलं, किल्ली घेतली आणि आम्हाला वातानुकूलित खोलीत बसवलं. अर्ध्या तासानं परत आला. "काही आवाज नाही मॅडम. मी स्वतः चालवून पाहिली. पाच किलोमीटर."

"पुन्हा एक डाव पाहा ना साहेब," वडील म्हणाले. "डावीकडे वळवून पाहा. मी चाळीस वर्सं मागावर बसलो, घासल्याचा आवाज मले समजते."

मॅनेजर हसला. काउंटरवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकाजी, हा तुमचा माग नाही. गाडी आहे. रस्त्याचा आवाज असतो तो." काउंटरवरचे दोघं हसले. आणि वडीलही हसले. समोरचा मोठा माणूस हसतोय म्हणून आपणही हसावं, तसं. मग त्यानं माझ्यासमोर जॉबकार्ड सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, रोड टेस्ट केली, आवाज आढळला नाही, ग्राहक समाधानी. मी सही केली. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांत चुका शोधणारी मी, न वाचता सही करून बाहेर पडले, कारण मला वडिलांना तिथून लवकर बाहेर काढायचं होतं.

तीन महिन्यांनी कुहीकडे एका लग्नाला निघालो होतो. वडील पुढे माझ्या शेजारी. घरघर आता मलाही ऐकू येऊ लागली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवू, असं मी ठरवलं होतं. एका वळणावर पुढचं उजवं चाक लडखडलं, स्टिअरिंग हातातून खेचलं गेलं आणि गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत, बाजूच्या शेतात उतरली. मला खरचटलंही नाही. वडिलांनी समोर हात टेकवला होता. उजवं मनगट मोडलं.

चाकाचं बेअरिंग गेलं होतं. गाडी उचलून त्याच वर्कशॉपला नेली, तर मॅनेजरनं दोन मिनिटांत निकाल दिला. "गाडी शेतात आपटली, म्हणून बेअरिंग गेलं. अपघाताचं नुकसान वॉरंटीत येत नाही. आणि आधी आवाज होता म्हणता, तर हे पाहा, तुमचीच सही आहे." खर्च विम्यातून निघाला. पण वडिलांचं मनगट सरळ बसलं नाही. आडवा धागा नेणारा धोटा फेकायला मनगटाला झटका द्यावा लागतो, तो त्यांना पुन्हा कधी देता आला नाही. एक-दोनदा बसून पाहिलं, मग उठले. पुढे मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्यावर तांदळाची पोती ठेवली.

या सगळ्याला जवळपास दोन वर्षं झाल्यावर तो वॉरंटीचा फोन आला होता.

रविवारी दुपारी मी गाडीची सगळी कागदपत्रं जमिनीवर पसरून बसले. वॉरंटीची पुस्तिका मागवून घेतली होती, ती पहिल्या पानापासून वाचली. काय काय वॉरंटीत येत नाही त्याची यादी लांबलचक होती. वायपर, बल्ब, ब्रेक पॅड, क्लच, टायर. मी एकच गोष्ट शोधत होते. चाकाचं बेअरिंग त्या यादीत नव्हतं. म्हणजे ते वॉरंटीत येत होतं.

मग जुनं जॉबकार्ड काढलं. आपली सही दिसू नये म्हणून ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी कारखान्यातला कागद पाहावा तसं पाहिलं. वरच्या कोपऱ्यात, गाडी आत आली तेव्हाचं किलोमीटरचं रीडिंग होतं, ११,३६२. खाली रोड टेस्ट, पाच किलोमीटर, बरोबरची खूण. त्याला टाचलेल्या गेटपासवर गाडी बाहेर गेली तेव्हाचं रीडिंग. ११,३६२.

तो गाडीत बसलाच नव्हता. अर्धा तास आम्हाला बसवून ठेवलं आणि येऊन माझ्या वडिलांना हसला.

मी तो कागद नवऱ्याला दाखवला. त्यानं दोनदा पाहिला. "टाक कंप्लेंट," तो म्हणाला.

"एका कागदावर ते म्हणतील, लिहिणाऱ्याची चूक झाली. आमच्या कामात एका चुकीला कोणी विचारत नाही. तीच चूक पुन्हा पुन्हा दाखवता आली पाहिजे."

"मग?"

"वॉरंटी घेते. दोन वर्षं त्यांच्या दारात हक्कानं उभी राहते."

"हे तू गाडीसाठी नाही करून राहिली," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन वॉरंटी घेतली. मॅनेजरनं मला ओळखलं, आणि मी आलेली पाहून त्याला समाधान वाटलं असावं. "शहाणपणाचा निर्णय मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो."

त्यानंतर सर्व्हिसची एकही तारीख मी चुकवली नाही. वर्कशॉपच्या फाटकात शिरताना रीडिंगचा फोटो काढायचा, बाहेर पडताना पुन्हा काढायचा. प्रत्येक वेळी काहीतरी बारीक तक्रार सांगायची आणि रोड टेस्ट मागायची. जॉबकार्डवर माझं म्हणणं माझ्याच शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही. मॅनेजर वैतागायचा. "मॅडम, तुम्ही खूप बारीक पाहता." तो वैतागला की माझा दिवस चांगला जायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. पावणेदोन वर्षांत सात वेळा गेले. सातपैकी पाच वेळा पाच किलोमीटरच्या टेस्टची खूण होती आणि आकडा जागचा हलला नव्हता.

याची किंमतही होती. ती गाडी मी कधी मजेत चालवली नाही. गाणी लावायची नाहीत, काचा बंद, कान चाकांकडे. मुलगी म्हणायची, आई, तुझ्या गाडीत बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

आणि मग आवाज आला. पाचव्या वर्षात, डाव्या बाजूनं. या वेळी मला तो आधी ऐकू आला. भीती वाटली आणि त्याच क्षणी आनंदही झाला. वॉरंटीला अजून तीन महिने होते. मी उमरेडला जाऊन वडिलांना घेऊन आले.

मॅनेजरनं त्यांना ओळखलं नाही. किल्ली मागू लागला. मी म्हटलं, "आज आम्हीही सोबत येतो."

"कस्टमरला टेस्टला नेत नाही मॅडम."

"पुस्तिकेत तसं कुठं लिहिलंय, दाखवा."

तो पुस्तिकेला हात न लावता गाडीकडे निघाला. वडील मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. उजवीकडे एक वळण घेतलं. "डावं चाक," ते म्हणाले. "पुढचं." मॅनेजरनं गाडी परत फिरवली. परत आल्यावर गाडी लिफ्टवर चढवली, मेकॅनिकनं चाक हातानं फिरवलं आणि ते खडखडलं, सगळ्यांसमोर. मेकॅनिक म्हणाला, "गेलंय साहेब बेअरिंग."

"लिहा," मी मॅनेजरला म्हटलं. "काय ऐकलं ते लिहा."

बेअरिंग वॉरंटीत बदलून मिळालं. तिथं थांबता आलं असतं. मी त्याच आठवड्यात गाडीच्या कंपनीला तक्रार पाठवली, पहिलं जॉबकार्ड, गेटपास, नंतरच्या पाच टेस्टची जॉबकार्डं, त्यांचे दहा फोटो आणि वडिलांच्या मनगटाचा एक्स-रे जोडून. पंधरा दिवसांनी कंपनीचा अधिकारी आला. काचेच्या केबिनमध्ये वर्कशॉपचा मालक, मॅनेजर आणि मी. अधिकाऱ्यानं कागद एकेक करून टेबलावर मांडले. मॅनेजर प्रत्येक कागदासोबत खुर्चीत थोडा थोडा खाली जात होता, आणि मी ते पाहत होते. पाचव्या कागदावर मालकानं त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं.

"तुमची काय अपेक्षा आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं. सगळ्यांना वाटलं मी भरपाई मागणार.

"मला काही नको. यांनी उमरेडला माझ्या वडिलांच्या घरी येऊन लेखी माफी मागायची. मराठीत. आणि ती वाचून दाखवायची."

तो आला. शनिवारी सकाळी, दुचाकीवर, एकटा. मी त्याला मागाच्या खोलीतच नेलं. वडील खाटेवर बसले होते. त्यानं खिशातून कागद काढला आणि पुटपुटत वाचायला लागला.

"मोठ्यानं," मी म्हटलं.

त्यानं मोठ्यानं वाचलं. 'गाडी न चालवता चालवली असे लिहिले' या वाक्यावर तो अडखळला. मी म्हटलं, "ते पुन्हा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"पुरे झालं वं," वडील म्हणाले. "बसू दे त्याले." मग त्याला विचारलं, "कुठून आला गा? जेवला का?" आईला चहा टाकायला सांगितला. मला त्यांचा इतका राग आला की मी अंगणात जाऊन उभी राहिले. दोन वर्षं मी ज्या माणसाच्या मागे लागले होते, तो माझ्याच घरात बशीत चहा ओतून पीत होता.

तो गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, "तुम्हाला त्याचा काहीच राग नव्हता का?"

ते मनगट चोळत होते. "राग त्याचा नव्हता," ते म्हणाले. "तो हसला तं हसला. मी काहून हसलो, ते मले नाही समजलं अजून."

मी उठून फळ्यांवरची पोती नीट लावली, काही गरज नसताना.

महिन्याभरात मॅनेजरची नोकरी गेली. वॉरंटी संपताच मी गाडी विकून टाकली, दुसरी घेतली, तीही दुसऱ्या शोरूममधून. तिथल्या माणसानं एक्स्टेंडेड वॉरंटीचं विचारलं तेव्हा मी पुस्तिका मागितली, वाचली, आणि घेतली. या वेळी नुसती गाडीसाठी.

परवा सीताबर्डीच्या सिग्नलला तो दिसला. दुचाकीवर, मागे बायको, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. मी काच खाली केली. त्यानं मला पाहिलं आणि मान वळवली. बायको मात्र, कोणी ओळखीची असावी असं समजून, माझ्याकडे पाहून हसली. नवरा म्हणतो, त्या वेळी मला थोडं तरी वाईट वाटायला हवं होतं. मी पण तिच्याकडे पाहून हसले, आणि मग तो वळून पाहीपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा कळलं, सिग्नल सुटला होता.